नवतपा आणि आमचे आंगण

गोंदिया जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर धानाच्या हिरव्या बांध्या आणि तलाव उभे राहतात. ते चित्र खोटे नाही, पण ते ऑगस्ट-सप्टेंबरचे आहे. हा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी, म्हणजे त्याचा वाढदिवसच ऐन उन्हात येतो. त्या दिवसांत बांध्यांना भेगा पडलेल्या असतात, गावोगावच्या बोड्या तळाला गेलेल्या असतात आणि वैनगंगेत पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसते. पारा 44-45 अंशांच्या घरात जातो. शेजारच्या नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांची नोंद झाली होती, त्या दिवशी आमच्याकडेही दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसले नव्हते. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस नवतपा. इथला हिंदू शेतकरी, मुसलमान विडीवाला आणि सिंधी दुकानदार, सगळ्यांचेच या नऊ दिवसांबद्दल एकमत असते.

अशा दिवसांत आमच्या आंगणात फुले असतात. हे फुशारकीने सांगत नाही. आंगण मोठे नाही, कवेलूच्या जुन्या घरापुढची बारा-पंधरा पावलांची जागा आणि मागे तेवढीच सांदवाडी. पण मे महिन्यात रस्त्याने जाणारा माणूस थांबतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो : "पाणी किती घालता?" त्याला वाटते, आमच्याकडे पाण्याची काही खास सोय असणार. या लेखाचे निमित्त तो प्रश्नच आहे.

आधी ‘आम्ही’ म्हणजे कोण ते सांगायला हवे. घरात आम्ही पाच माणसे. त्याशिवाय उर्दू माध्यमाच्या शाळेतली आमची पोरे, कारण तिथेही बाग आहे. बागेचे काम कधी एका माणसाचे नसते, म्हणून ‘मी’ लिहिताना हात थांबतो. शिवाय घरच्या बोलीत आम्ही स्वतःला ‘हम’च म्हणतो, ती सवय मराठीतही आली असेल.

तर पाणी. आमच्या मोहल्ल्यात नळ येतो तो ठरलेल्या वेळी, आणि उन्हाळ्यात ती वेळ आखूड होते. शहराचे पाणी वैनगंगेवरच्या डांगोर्लीहून येते, नदीच आटली की नळाने तरी काय करावे? अशा वेळी रबरी नळी लावून गुलाबांना पाणी देणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतील, हे सांगायला नको. अब्बांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, फार वर्षांपूर्वीच घरात नियम घालून दिला होता : फेब्रुवारीनंतर नळाचे पाणी माणसांचे आणि वापरलेले पाणी झाडांचे. त्यांनी हा नियम कोणत्या पुस्तकातून घेतला नव्हता. राईस मिलमध्ये हिशेबनीस म्हणून नोकरी केलेला माणूस, त्यांना प्रत्येक गोष्टीची जमा-नावे मांडायची सवय होती.

जमेच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम वजूच्या पाण्याची. मोरीजवळ एक लाकडी चौरंग आणि त्याखाली पसरट घमेले ठेवले आहे. नळाच्या धारेखाली वजू केला तर किती पाणी जाते ते आम्ही एकदा बादलीने मोजले, पाच-सहा लिटर सहज निघाले. लोट्याने केला तर सव्वा लिटरात होतो. हदीसमध्ये तर प्रेषित एका ‘मुद्द’ पाण्यात वजू करीत असा उल्लेख आहे, म्हणजे साधारण पाऊण लिटर. वाहत्या नदीच्या काठी बसलेल्या माणसानेही पाण्याची उधळपट्टी करू नये, ही शिकवण आपण सगळेच जाणतो आणि मशिदीच्या हौदावर बसलो की सगळेच विसरतो. आमच्या पाच जणांचे, पाच वेळचे मिळून रोज पंचवीस-तीस लिटर पाणी जमते. एवढ्यात बारा कुंड्या आणि दोन वाफे सहज निघतात.

सुरुवातीला अम्मींना शंका होती, की इबादतीचे पाणी असे मातीत ओतावे का? पाय पडतात, अदब राहत नाही. त्यांनी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून घेतले. ते म्हणाले, वापरलेल्या पाण्याने पुन्हा वजू होत नाही, पण ते पाक आहे, झाडाला द्यायला काहीच हरकत नाही. त्यानंतर घमेले उचलायला सर्वांत पुढे अम्मीच.

बाकीच्या रकमा किरकोळ. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी निवून कुंड्यांना जाते. गोंदियाचे घर म्हणजे दोन्ही वेळा भात, त्यामुळे हे पाणी रोजच निघते. मटण-मासळीचे धुवण मात्र केळीच्या बुंध्याशी खड्डा करून त्यात, वर माती. नाहीतर मोहल्ल्यातल्या साऱ्या मांजरी बागेत वस्तीला येतात. साबणाचे पाणी आम्ही घेत नाही.

कूलरच्या पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात अनेकांची झाडे जातात. विदर्भात कूलरशिवाय घर नाही. डेंग्यूच्या डासांसाठी कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करायची असते, ते पाणी लोक हौसेने कुंड्यांत ओततात. पण कूलरमध्ये होते काय? हवेत उडून जाते ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार मागे टाकीतच राहतात आणि रोज नवे पाणी घातले की त्यांत भर पडते. आठवड्याच्या शेवटी टाकीत उरते ते चांगलेच खारट पाणी असते, बोअरचे असेल तर आणखीच. कुंडीच्या मातीवर आणि काठावर पांढरी पापडी दिसते ती त्याचीच, आणि मग पानांच्या कडा जळतात. लोक म्हणतात ऊन लागले. आम्ही ते पाणी फक्त जमिनीत लावलेल्या कण्हेरीला आणि बोगनवेलीला देतो, तेही जागा बदलून. पाऊस आला की जमिनीतले क्षार धुऊन जातात, कुंडीला ती सोय नसते.

एवढा हिशेब ठेवूनही बोलणारे बोलतातच. गल्लीच्या टोकाला एक खाला राहतात, वय सत्तरीच्या पुढे. एका मे महिन्यात नळ दोन दिवस आला नव्हता. खाला रिकामी गुंडी कमरेवर घेऊन आमच्या फाटकाशी थांबल्या आणि फुललेल्या सदाफुलीकडे बघून म्हणाल्या, "बहू, फूलों को पानी पिलाने का सवाब होता होगा, मगर हमारी गुंडी तो खाली है." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. आम्ही त्यांना आत बोलावले, गुंडी भरून दिली आणि मोरीजवळचे घमेले दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "ये तो हम रोज नाली में डालते हैं." दुसऱ्या दिवसापासून खालांच्या घरचे तांदळाचे धुवण एका जुन्या गंजात आमच्या ओट्यावर येऊ लागले. बदल्यात त्यांच्या नातीला मोगऱ्याच्या कळ्या जातात. पण त्यांचे ते वाक्य आम्ही विसरलो नाही, आणि दरवर्षी नवे रोप आणायचे म्हटले की ते आठवते. ज्याला मे महिन्यात माणसाच्या वाट्याचे पाणी लागेल, ते रोप आमच्या आंगणात येत नाही.

आता झाडाची बाजू. आम्ही बी.एड. केले तेव्हा विज्ञानाच्या पाठ टाचणात एक प्रयोग हमखास असे : फांदीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि तासाभराने आत जमलेले थेंब मुलांना दाखवायचे. झाड पानांवाटे पाणी बाहेर टाकते, म्हणजे बाष्पोच्छ्वास. हा प्रयोग मे महिन्यात केला तर बागकामाचे निम्मे ज्ञान त्यातच मिळते. पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडी राहिली तर पाणी जाते आणि मिटली तर प्रकाशसंश्लेषण थांबते. (याला आमच्या उर्दू पुस्तकात ‘झियाई तालीफ’ म्हणतात, ऐकायला एखाद्या शायराच्या दिवाणासारखे वाटते.) भर दुपारी बरीच झाडे छिद्रे मिटून घेतात आणि पाने खाली टाकतात. आमची एक विद्यार्थिनी जास्वंदीकडे बघून ओरडली होती, "मॅडम, झाड बेहोश झालं!" बेहोश झालेले नसते, डोळे मिटून पडलेले असते. अशा वेळी लोक घाबरून तांब्याभर पाणी ओततात. आम्ही बोट मातीत दोन पेरे खोल घालून बघतो. आत ओल लागली तर झाडाला तसेच राहू देतो, ऊन उतरले की पाने आपोआप वर येतात. संध्याकाळी सातलाही पाने वर आली नाहीत तर मात्र ती खरी तहान.

दुपारी पाणी का देऊ नये, याचे एक कारण लोक सांगतात, की पानावरचा थेंब भिंगासारखा काम करतो आणि पान जाळतो. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 साली हे तपासून पाहिले, तेव्हा गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी काही डाग पडले नाहीत. लव असलेल्या पानांवर थेंब वरच्यावर धरला जातो, तिथे तसे होऊ शकते. खरी कारणे साधी आहेत. दुपारी ओतलेले पाणी मुळांपर्यंत जाण्याआधीच उडते, आणि उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी चहाला चालेल इतके तापलेले असते.

दुसरी गोष्ट, रोज थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पोटभर द्यावे. रोज वरवर शिंपडले की मुळेही वरवरच राहतात आणि तिथेच माती सर्वांत जास्त तापते. हे जमिनीतल्या झाडांचे. कुंडीला नवतपात रोजच लागते, तिथे तत्त्वज्ञान चालत नाही.

आता आमच्या जिल्ह्याने आम्हाला काय दिले आहे ते सांगतो. धान दिले, म्हणजे तणीस दिले. मळणीनंतरचे तणीस गुरांना जाऊन उरते ते बैलगाडीच्या, आता ट्रॅक्टरच्या भावाने मिळते. झाडाच्या बुंध्याभोवती चार बोटे जाड तणीस अंथरले की खालची माती दुपारीही हाताला गार लागते. बुंध्याला चिकटवू नये, वीतभर जागा सोडावी, कारण ओल्या तणसाला वाळवी लागते. आम्ही आधी निंबोळी पेंडीची मूठ फेकतो. राईस मिलचा बारदाना फाटला की फुकटात मिळतो, तो ओला करून कुंड्यांभोवती गुंडाळायचा. मातीची कुंडी असेल तर ती माठासारखीच स्वतःला गार ठेवते, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मात्र मुळे शिजतात. ज्यांच्याकडे त्याच कुंड्या आहेत त्यांनी निदान चुना तरी फासावा. मिलमधली तुसाची राख मात्र जपून. ती अल्कधर्मी असते, लोक खत समजून ढीगभर टाकतात.

तणीस मिळत नाही अशा घरांसाठी दुसरी वस्तू आहे, आणि ती आमच्या मोहल्ल्याचीच म्हणावी अशी आहे. विडीसाठी तेंदूचे पान भिजवतात आणि फर्म्यावर कापतात. कडेची कतरण उरते, ती एरवी चुलीत जाते. तिला तंबाखू लागलेली नसते. विड्या वळणाऱ्या घरांतून आम्ही ती कतरण पोत्याने आणतो. चिवट पान असल्याने ती लवकर कुजत नाही, वाऱ्याने उडतही नाही, कारण भिजून एकमेकांना चिकटते. दिसायला तपकिरी आणि नीटनेटकी. शहरातल्या रोपवाटिकेत लाकडाचे रंगीत तुकडे विकत मिळतात, त्यांच्यापेक्षा आम्हाला ही कतरण देखणी वाटते.

आणि तलावाचा गाळ. पूर्व विदर्भातले मालगुजारी काळातले तलाव कोहळी समाजाने बांधले, नवेगावबांध हे त्यांतले सर्वांना माहीत असलेले नाव. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि मे महिन्यात गाळाचे ट्रॅक्टर रस्त्याने दिसू लागले. आमच्या आंगणातली मुरमाड माती पाणी धरत नव्हती. तीन घमेली मातीला एक घमेले गाळ आणि एक शेणखत असे मिश्रण केले, तेव्हापासून ज्या कुंडीला दोनदा पाणी लागे तिला एकदा पुरते. नुसता गाळ मात्र घालू नये. सुकला की विटेसारखा होतो.

सावलीचा विचार करताना दिशा बघावी लागते. सकाळचे ऊन झाडांना हवेच असते, मारते ते दोननंतरचे पश्चिमेचे ऊन आणि लू. म्हणून आमच्याकडे पश्चिमेला बांबूचा तट्टा उभा आहे आणि वर अर्ध्या भागावर मांडव. हिरवी शेडनेट बाजारात मिळते, पन्नास टक्क्यांची पुरे. पण आमच्या मांडवावर अजूनही अम्मींच्या जुन्या सुती ओढण्या असतात. त्यांचे रंग विटले आहेत, तरी वारा आला की त्या हलतात आणि खाली सावलीही हलते, त्यामुळे कुठल्याच पानावर ऊन सारखे बसत नाही. शेडनेटवाल्यांनी यावर हसू नये, करून बघावे.

रंगांचे म्हणाल तर खरी गंमत निवडीत आहे. जानेवारीत सायकलवर रोपे विकणारे येतात. पिटुनिया, डायंथस, पॅन्झी, रंग बघून हात खिशात जातो. ही थंडीची पाहुणी मंडळी, मार्चअखेर त्यांना निरोप द्यावा आणि कुंडी रिकामी करावी. त्यांना मेपर्यंत ओढत नेण्यात पाणीही जाते आणि जीवही. गुलाबाला आम्ही उन्हाळ्यात विश्रांती देतो : छाटणी नाही, खत नाही, कळ्या आल्या तर खुडून टाकायच्या. बागेत फूल खुडायला मन होत नाही हे खरे, पण मेच्या उन्हात उमललेला गुलाब दुपारपर्यंत भाजतो, आणि त्याच्यासाठी झाडाने केलेला खर्च वाया जातो. युरिया तर या दिवसांत कुणालाच घालू नये.

उन्हात जे खरोखर फुलते त्याची गोष्ट वेगळी. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. तिचे आपण ज्याला फूल म्हणतो ते रंगीत पान असते, खरे फूल आत बारीक पांढरे. तिला पाणी थोडे कमी पडले तरच ती रंगते. लाडाने पाणी घातले की नुसती हिरवी होऊन भिंतीवर चढते. सदाफुली मादागास्करची, गुलमोहरही तिथलाच. चिनी गुलाब, ज्याला पोरे ‘ऑफिस टाईम’ म्हणतात, तो ना चीनचा ना गुलाब. मांसल पानांत पाणी साठवतो, ऊन चढले की उघडतो आणि दुपार कलली की दुकान बंद करतो. फुटक्या माठाच्या खापरातही तो वाढतो. झिनियाचे बी फेब्रुवारीत टाकले तर मेमध्ये लाल-केशरी-गुलाबी सगळे रंग मिळतात. जमिनीखाली कंद ठेवून बसलेला मे फ्लॉवर तर नवतपाच्या आसपास पान नसताना एकदम लाल चेंडू वर काढतो. वर्षभर ती कुंडी रिकामी समजून कुणी फेकून देऊ नये म्हणून आम्ही तिच्यावर खडूने लिहून ठेवतो.

पांढऱ्या रंगासाठी मोगरा. फेब्रुवारीत पाने झाडून छाटला की ऊन वाढेल तसा तो फुलतो, इतका की मगरिबच्या वेळी आंगणात पाऊल टाकले की वास अंगावर येतो. आणि कुंपणाला मेहंदी. मेहंदीला पाणी नको, सावली नको, तिला तर शेळीही फारशी तोंड लावत नाही. तिचे फूल बारीक, पण वास असा की अत्तरवाले त्याचे अत्तर काढतात. ईदला गल्लीतल्या मुली पाने तोडून नेतात, तीच तिची छाटणी.

2018 आणि 2019 ही दोन वर्षे आमच्या लक्षात राहिली आहेत. 2018 मध्ये रमजान 17 मेला सुरू झाला आणि 2019 मध्ये 7 मेला, म्हणजे दोन्ही वर्षी अख्खा नवतपा रोज्यांत. लोकांना वाटले, यंदा यांची बाग गेली. उलट त्या दोन वर्षी बाग सर्वांत चांगली राहिली. सहरीसाठी घर पहाटे साडेतीनलाच जागे. फजरची नमाज झाली की उजाडेपर्यंत जो वेळ मिळतो, तोच झाडांना पाणी देण्याचा सर्वांत चांगला. माती रात्रभर निवलेली असते, वारा पडलेला असतो, आणि झाड दिवसभराची शिदोरी घेऊन उन्हाला सामोरे जाते. झाडांचीही सहरीच म्हणा. संध्याकाळी इफ्तारनंतर फक्त कुंड्या बघायच्या. एक गोष्ट त्या महिन्यात आमच्या लक्षात आली. दुपारी दोनला स्वतःची जीभ कोरडी असताना सुकलेल्या कुंडीकडे बघणे आणि एरवी बघणे, यांत फरक असतो.

त्याच दिवसांत बाबराची आठवण काढून आम्ही हसत असू. 1526 च्या मे महिन्यात तो आग्र्याला पोचला तेव्हा उष्म्याने आणि लूने माणसे मरत होती, सरदार काबूलला परत जाऊ म्हणत होते. हिंदुस्थानची गरमी, वारा आणि धूळ यांबद्दल त्याने ‘बाबरनामा’त मनसोक्त तक्रार केली आहे. पण बाग त्याने केलीच. यमुनेपलीकडची ओसाड जागा पसंत नसताना घेतली आणि पहिले काम काढले ते विहिरीचे. गुलाब-नरगिसाचे ताटवे नंतर. बादशहा असूनही आधी पाण्याचा बंदोबस्त, हा क्रम आम्हाला पटतो. बागेबरोबर आलेले शब्दही इथेच रुजले : बाग, गुलाब, हौद, नहर. आणि कलम, जी माळ्याच्या हातातही असते आणि आमच्याही.

आता शाळेकडे येतो, कारण तिथे प्रश्न शोभेचा नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे दीड-पावणेदोन महिने आवारात कुणी नसते. सरकारने 2016 च्या जुलैत दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला, पुढच्या वर्षी चार कोटी, 2018 ला तेरा कोटी आणि 2019 ला तेहतीस कोटी. प्रत्येक जुलैत शाळाशाळांतून खड्डे झाले, फोटो निघाले. झाड लावणे जुलैचे काम आहे, पण ते जगते की मरते हे मेमध्ये ठरते, आणि मेमध्ये फोटो काढायला कुणी येत नाही. 2018 च्या पावसाळ्यात आम्हाला वीस रोपे मिळाली, कडुनिंब, करंज, गुलमोहर, बदाम. मुलांनी प्रत्येकाला एकेक झाड वाटून घेतले.

सुटीत रोज पाळी लावून पाणी घालायचे ठरले होते. पण सुटीत मुले आवारात नकोत, काही झाले तर जबाबदारी कुणाची, असा निरोप वरून आला आणि फाटकाला कुलूप लागले. तीन दिवसांतून एकदा मोठ्या माणसाने किल्ली घेऊन जावे, एवढी परवानगी मिळाली. 45 अंशांत तीन दिवसांनी पाणी, आणि पहिल्याच उन्हाळ्यातली रोपे!

तेव्हा मटके कामी आले. ही युक्ती जुनी आहे, चीनमधल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथातही ती सापडते. न रंगवलेला, चांगला पाझरणारा पाच-सहा लिटरचा मटका रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरायचे आणि तोंडावर खापर ठेवायचे, म्हणजे डासही होत नाहीत. मातीला जेवढे हवे तेवढेच पाणी मटका सोडतो. माती ओली असली की पाझर मंदावतो, सुकली की वाढतो. मुळे शोधत शोधत मटक्याला येऊन बिलगतात. पैशांचा प्रश्न मुलांनीच सोडवला. उन्हाळा आला की घरोघर जुना माठ बदलतात, कारण त्यात पाणी पहिल्यासारखे गार होत नाही. असे जुने माठ गोळा केले, कमी पडले ते कुंभाराकडून घेतले. जुन्यांतले चार पाझरतच नव्हते, ते पक्ष्यांच्या पाण्यासाठी ठेवले.

2019 चा तो रमजान. शाळेजवळच राहणारी आठवीतली एक मुलगी आणि तिची अम्मी, दोघी विड्या वळणाऱ्या, तीन दिवसांतून एकदा फजरनंतर आमच्याबरोबर यायच्या. बोअरची मोटार चालू झाली तर ठीक, नाहीतर हापशी. वीस मटके भरायला तास लागे. येताना त्या कतरणीचे पोते आणायच्या. जूनच्या अखेरीस शाळा उघडली तेव्हा वीसपैकी तेरा रोपे जिवंत होती. आधीच्या वर्षीच्या तेवढ्याच रोपांतली दोन उरली होती. पुढच्या उन्हाळ्यात, 2020 ला, टाळेबंदीने शाळा मार्चपासूनच बंद झाली आणि आमचेही जाणे थांबले. त्या वेळी ती मुलगीच घराजवळच्या भिंतीवरून दोन मटक्यांत पाणी सोडत राहिली, असे आम्हाला नंतर कळले. हात पोचत होता तेवढी दोनच. त्या वर्षी आणखी दोन बदाम गेले, कडुनिंब आणि करंज मात्र तोवर खोल उतरले होते. आज त्यांच्या सावलीत सायकली उभ्या राहतात आणि मधल्या सुटीत डबे उघडतात.

आता मोठ्या झाडांना मटके लागत नाहीत. ते फुलांच्या वाफ्यांत गेले आहेत, एका मटक्याभोवती सदाफुली आणि झिनियाची चार-चार रोपे. एक काम मात्र दरवर्षी करावेच लागते. पहिला पाऊस झाला की मटके उकरून काढायचे. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्यांची छिद्रे बुजतात, म्हणून काथ्याने घासून, धुऊन, ऊन पडेल तेव्हा वाळवून व्हरांड्यात पालथे ठेवायचे. मग पोरी प्रत्येकावर कोळशाने आपापले नाव लिहितात, उर्दूत, उजवीकडून डावीकडे. वर्षभरात निम्मी नावे पुसली जातात आणि फेब्रुवारीत कोणता मटका कुणाचा यावरून भांडण होते.